मोरी नसलेले तळे

परसात एक लहानसे तळे असावे, ही माझी जुनी हौस. साताठ वर्षांपूर्वी मेहकरच्या आमच्या घरी ती फिटली. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद गवंड्याने बांधून दिला. नव्या सिमेंटचा चुना उतरावा म्हणून तीन-चार वेळा पाणी बदलले. मग कुमुदिनीचे कंद लावले, मासे सोडले. आणि त्या दिवाळीत घरची सगळी पोरे पणत्या घेऊन तळ्याभोवतीच बसली. काठावर बसून मी स्वतःला लहानसा संस्थानिक समजत होतो!

उन्हाळ्याने तो तोरा उतरवला. वऱ्हाडातले ऊन रोज बोटभर पाणी प्यायचे, आणि मी तितकेच विहिरीचे पाणी रोज ओतायचो. तळे सदा काठोकाठ; मला वाटे, सारे ठीक चालले आहे. मे महिन्यात काठावर पांढरा थर धरला, पानांच्या कडा करपल्या, आणि एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. धाकटी नात दिवसभर जेवली नाही. म्हातारी आत्या काठी टेकत आली, थराला बोट लावून तिने ते जिभेवर टेकवले आणि म्हणाली, "काय रे हे? परसात लोणारच मांडलं की तू!"

जन्मभर इतिहास वाचणाऱ्या मला हे आत्याने सांगावे लागले! लोणार आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर. दोन्ही गावांच्या कथा जुळ्या बहिणींसारख्या: तिथे विष्णूने लवणासुर मारला, इथे शार्ङ्गधर रूपाने मेघंकर दैत्य मारला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी' लिहिली, तेव्हा मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते आणि लोणार त्याचाच एक भाग. तिथल्या पाण्यात काच आणि साबण करण्याचे द्रव्य आहे, याची नोंद त्याने करून ठेवली आहे. त्या खाराच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे लोकांनी दिली.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची दखल घेतली. पुढे कित्येक वर्षे ते ज्वालामुखीचे मुख मानले जाई. ते उल्कापाताने झाले, हे १९७३ च्या सुमारास खडकांच्या परीक्षेवरून पटले. परंतु माझ्या तळ्याला शिकवण मिळाली ती उल्केकडून नव्हे, पाण्याकडून. लोणारच्या काठी गोमुखाची धार गोड आहे. पावसाचे पाणीही गोडच. मग सरोवर खारे का? कारण त्यात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी तेवढे नेते. खडकांतून आलेला क्षार मागेच राहतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी उतरून क्षार वाढला, तेव्हा सूक्ष्म जीवांनी सारे सरोवर गुलाबी केले आणि लोक ते पाहायला धावले.

आता माझा हिशेब पाहा. दीड फूट पाणी. रोजचे बोटभर म्हणजे तीन महिन्यांत सुमारे तीन फूट आटले आणि तीन फूट भरले. पाणी तेवढेच राहिले, पण विहिरीचा क्षार तिप्पट झाला. त्यात उन्हाची काहिली; मासे किती सोसणार?

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. सिंदखेडराजाचा जाधवरावांच्या काळचा मोती तलाव पाहा. पाणी अडवताना ते पुढे शेताकडे सोडण्याचाही विचार त्यात आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी नळाने शहरात आणले. शनिवारवाड्यातले कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे, त्याच्या १९७ तोट्या, हा सारा वाहत्या पाण्याचा थाट. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, पण शहाणपण जळायचे कारण नव्हते.

मी हौदाच्या बुडाशी मोरी पाडून घेतली आणि ती केळीच्या आळ्याकडे वळवली. उन्हाळ्यात आठवड्याला चौथाई पाणी सोडतो आणि ताजे भरतो. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी तळ्यात घेतो. ते आपोआप धुऊन निघते. दुपारच्या उन्हाला आडोसा केला आहे, निम्म्याहून अधिक पाणी पानांनी झाकले आहे. आत्याला डासांची धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. हिवताप डासांमार्फत येतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत शोधले, तेही याच देशात. म्हणून गप्पी मासे सोडले. डासांची अंडी फुटून निघालेल्या अळ्या ते फस्त करतात.

आत्या आता नाही. तळे आहे, आणि मोरीच्या पाण्यावर केळी दर वर्षी घड धरते. लक्ष्मीपूजनाला त्यातलीच फणी असते. काठावर पणत्या मांडताना नात विचारते, "आजोबा, पाणी सोडायचं लक्षात आहे ना?" मी म्हणतो, "आहे." साठवलेले सगळेच आपल्याजवळ ठेवू नये, हे या तळ्याने मला पाच मासे घेऊन शिकवले आहे.