विश्वकोश वाईलाच का?

मुंबई-पुणे सोडून मराठी विश्वकोश वाईसारख्या लहान गावात का तयार झाला, हे कोडं मला बरेच दिवस होतं. मागच्या महिन्यात जोडून सुट्टी आली तेव्हा बायकोला म्हटलं, वाईला जाऊ. आमच्या पेठहून नाशिक, पुणे आणि मग वाई, म्हणजे एसटीत हाडं खिळखिळी! "लोक वाईवरून महाबळेश्वरला जातात हो," ती म्हणाली. पण आली.

ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट वगैरे झालं. सुंदरच आहे. पण माझं लक्ष प्राज्ञपाठशाळेकडे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची ही पाठशाळा. पाठशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसती घोकंपट्टी येते. पण १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा इथे उपनिषदं शिकायला आले होते. आणि इथेच आला पिंपळनेरचा एक मुलगा, लक्ष्मण जोशी. जन्म १९०१.

पिंपळनेर म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. पेठसारखंच, डोंगराच्या कडेचं, आदिवासी पट्ट्यातलं गाव. हे वाचलं तेव्हापासून मला हा माणूस उगीचच आपल्या घरचा वाटतो.

पुढे तो तर्कतीर्थ झाला, तुरुंगात गेला. १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न पुण्यात झालं. ब्राह्मण मुलगी, वैश्य मुलगा. सनातन्यांच्या लेखी हा प्रतिलोम विवाह. तो लावला लक्ष्मणशास्त्रींनी! संस्कृत शिकलेला माणूस जुनाटच असणार असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

असो. तर कोडं. वाईत धर्मकोशाचं काम आधीपासून चालू होतं. ग्रंथ जमवणं, उतारे काढणं, ते ताडून पाहणं आणि वर्षानुवर्षं हेच करत बसणं... ही सवय गावाला आधीच लागलेली होती. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ निघालं, लक्ष्मणशास्त्री अध्यक्ष झाले, आणि मंडळाचा विश्वकोश त्यांच्या गावी आला. पहिला खंड निघाला १९७६ साली. १९९४ मध्ये जाईपर्यंत तेच प्रमुख संपादक होते. विद्यापीठ नसलेल्या गावात! माझ्या मते सरकारने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक.

हे सगळं मी घाटावर बसून बायकोला सांगत होतो, आणि त्यामागे माझा स्वार्थ होता. मुलीच्या शिक्षणासाठी नाशिकला बिऱ्हाड हलवायचं की नाही, हा वाद आमच्या घरात वर्षभर चालू आहे. मी म्हटलं, "बघ, लहान गावातही होतं. आता तर अख्खा विश्वकोश नेटवर फुकट आहे."

"रेंज असली तर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि अहो, तो मुलगा पिंपळनेरला कुठे राहिला? शिकायला वाईला आलाच ना?"

यावर मला काही सुचलं नाही. परत येताना नारायणगावच्या आसपास सुचलं, की शिकून झाल्यावर तो पुण्याला न जाता वाईलाच राहिला. पण तोवर तिला झोप लागली होती.