मातीचा गोळा आणि दगड

सव्वीस वर्षांपूर्वी बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलताना माझ्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखे झाले. त्या आठवड्यात मी तो खांदा दोन माणसांना दाखवला. अस्थिशल्यतज्ज्ञांनी सांगितले, "वजनं आता कायमची बंद." लहानपणी ज्या तालमीत जोर-बैठका शिकलो, तिथले वस्ताद म्हणाले, "हात बसवून ठेवलास तर गंजंल बघ. हलवत ऱ्हा." दोघांच्याही आवाजात शंकेला जागा नव्हती. मी आधी डॉक्टरांचे ऐकले. दोन वर्षे काहीच उचलले नाही. दुखणे गेले नाही. उलट फळीवरचा डबा काढायलाही डावा हात पुढे येऊ लागला. मग वस्तादांचे ऐकले, दणकून मेहनत केली आणि तीन महिन्यांत रात्रीची झोप गेली.

पुढे इतिहास वाचण्याची सवय लागली तेव्हा एक प्रश्न मनात राहिला. 'विश्रांती घ्या' आणि 'हलवत राहा' हे दोन सल्ले आले कुठून? त्यांपैकी कोणता, कोणी, कधी तपासून पाहिला? या लेखात त्याच शोधाचा हिशेब मांडतो आहे.

१

शोधाची सुरुवात सुश्रुतसंहितेपासून करावी लागते. चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा आहे. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून ती वर उचलावी, सांधा जागेवर बसवावा आणि स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे तिथे सांगितले आहे. काखेत मुसळ घालण्याची युक्ती हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथातही आहे. खांदा वारंवार निसटू लागल्याने, अंगात दुसरे काही उणे नसताना स्पर्धा सोडाव्या लागलेल्या माणसांचा उल्लेख त्या ग्रंथात येतो. तो वाचताना अडीच हजार वर्षांपूर्वीचा कोणीतरी ओळखीचा भेटल्यासारखे वाटले.

सुश्रुताच्या याच अध्यायात मला माझे दोन्ही सल्ले सापडले. आरंभीच्या पथ्यात हाड मोडलेल्या माणसाने खारट, तिखट, आंबट, ऊन आणि व्यायाम वर्ज्य करावा असे म्हटले आहे. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला. पुढे तळहात मोडलेल्याबद्दल लिहिताना तोच ग्रंथ सांगतो की, त्याच्या हातात आधी मातीचा गोळा धरायला द्यावा आणि हाताला बळ आले की दगड धरायला लावावा. म्हणजे वस्तादांचा सल्ला, पण त्याला पायऱ्या आहेत. ही सूचना खांद्याची नाही, हे खरे. तरीही तिच्यामागचा विचार स्पष्ट आहे. विश्रांती आणि भार यांत विरोध नाही, त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. हा क्रम वयावरही अवलंबून असतो, हेही ग्रंथकाराला ठाऊक होते. तरुणपणी मोडलेले महिन्यात सांधते, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे गणित त्याने दिले आहे. सव्वीस वर्षांपूर्वी मला कोणी एवढेच सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते.

२

महाराष्ट्रात शरीर घडवण्याचे ज्ञान ग्रंथांपेक्षा तालमीत अधिक राहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले. पुढे विसाव्या शतकात बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. बडोद्यातच जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव होते. व्यायामशिक्षक म्हणून त्यांचे नाव जितके मोठे, तितकीच हाडवैद्य म्हणून त्यांची ख्याती. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी त्यांच्याकडेच शिकले. मेहनत करवून घेणारा आणि उतरलेला सांधा बसवणारा माणूस एकच असणे ही तालमीची रीत होती. वस्तादाला शिष्याचा खांदा दुखण्याआधीही ठाऊक असे आणि दुखल्यानंतरही.

तालमीतल्या साधनांत माझ्या कामाचे निघाले ते मुदगल. खांद्याची रचना पाहिली की त्याचे कारण कळते. खुब्याच्या सांध्याला खोल उखळ असते. खांद्याचा खळगा मात्र उथळ आणि लहान असतो, त्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोल टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः आजूबाजूच्या चार लहान स्नायूंचे आणि त्यांच्या कंडरांचे. म्हणून हा सांधा शरीरात सर्वांत जास्त फिरतो आणि सर्वांत सहज निसटतोही. उताणे पडून वजन ढकलताना खांद्याची पाती बाकावर दाबली जातात आणि हात एका ठरावीक वाटेने वर जातो. मुदगल फिरवताना पाती मोकळी राहतात, वजन पाठीमागे लोंबते, सांधा दाबला जाण्याऐवजी ओढला जातो आणि हात पूर्ण फेरा घेतो.

हे साधन हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडात गेले, तिथे हलके झाले आणि स्त्रियांच्या व्यायामातही शिरले. १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिम केहो यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. सेंट लुईसच्या १९०४ च्या आणि लॉस एंजेलिसच्या १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुदगल फिरवण्याची स्पर्धाही होती.

इथवर वस्तादांची बाजू भक्कम दिसते. पण इतिहास वाचणाऱ्याने इथे थांबून एक गोष्ट विचारली पाहिजे. ज्यांचे खांदे मेहनतीने बरे झाले, ते पुढे वस्ताद झाले आणि त्यांनी आपला अनुभव शिष्यांना सांगितला. ज्यांचे झाले नाहीत, ते कधीतरी तालमीत यायचे बंद झाले आणि शेतीला किंवा गिरणीत कामाला लागले. त्यांची नोंद कोणी ठेवली? माझ्या वस्तादांच्या खात्रीमागे बरे झालेलेच तेवढे उभे होते.

३

नेमका हाच आक्षेप बॉस्टनच्या एका शल्यविशारदाने आपल्या व्यवसायबंधूंवर घेतला होता. अर्नेस्ट कॉडमन त्याचे नाव. खांदा हा त्याच्या आयुष्याचा विषय होता. फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्याने १९०९ मध्ये केली आणि दोन वर्षांनी तिचा वृत्तान्त छापला. 'गोठलेला खांदा' हे नाव रूढ केले तेही त्यानेच. पण त्याचा खरा ध्यास 'अंतिम परिणाम' हा होता. प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ पाठपुरावा करावा, उपचार फळला की नाही हे पाहावे, नसेल फळला तर का ते लिहावे आणि ते जाहीर करावे, एवढेच त्याचे म्हणणे. रुग्णालयांना ते मानवले नाही. १९१५ मध्ये एका सभेत त्याने भले मोठे व्यंगचित्र लावले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग, म्हणजे श्रीमंत रुग्ण, डॉक्टरांना सोन्याची अंडी देत होता. त्या सभेने त्याची प्रतिष्ठा आणि धंदा दोन्ही बुडवले. खांद्यावरचा ग्रंथ त्याने १९३४ मध्ये काढला. १९४० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसवला गेला.

कॉडमनचा एक व्यायाम आजही जगभर शिकवला जातो. कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलू द्यायचा. मला तो एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवला. पहिल्यांदा केला तेव्हा हाताच्या त्या लोंबण्यात मला मुदगलाच्या झोक्याची आठवण झाली. बॉस्टन आणि बडोदे यांत देवाणघेवाण झाल्याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा दावाही मी करत नाही. सांधा एकच असला की त्याच्याशी वागण्याच्या रीती जवळ येत असाव्यात.

४

दुखऱ्या अवयवावर मोजूनमापून वजन घालण्याची शास्त्रीय पद्धत मात्र दुसऱ्या महायुद्धातून आली. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची इतकी गर्दी होती की नेहमीच्या सौम्य व्यायामाने ते लवकर उभे राहीनात. थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर किशोरवयात संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला होता आणि वजने उचलून सावरला होता. त्याने सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधून त्यांना जड वजने उचलायला लावली. १९४५ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला. जे वजन सलग दहाच वेळा उचलता येते ते माप धरायचे आणि ताकद वाढेल तसे वाढवायचे. सुरुवातीला तो दिवसाला सत्तर ते शंभर वेळा उचलायला सांगे. १९४८ मध्ये त्याने स्वतःच ते फार झाले असे मान्य केले आणि दहा-दहाच्या तीन फेऱ्यांवर आला. पहिली त्या मापाच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊणपटीने, तिसरी पूर्ण. आजच्या प्रत्येक जिममध्ये ऐकू येणारे 'तीन सेट, दहा रेप्स' बहुतांशी तिथून आले आहे. ते मूळचे जखमी माणसांसाठी होते, ही गोष्ट जिममध्ये सहसा कोणाला ठाऊक नसते. मातीच्या गोळ्यापासून दगडापर्यंतचीच ती वाट होती, फक्त आता तिला आकडे मिळाले होते.

५

एवढे असूनही पुढच्या काळात पारडे शस्त्रक्रियेकडे झुकले. १९७२ मध्ये अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी मांडले की, खांद्याच्या छपरासारख्या हाडाखाली कंडरा घासते, म्हणून ते हाड तासावे. म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये वजन खांद्यावरून डोक्यावर दाबून नेण्याचा प्रकार शेवटचा झाला तोही त्याच वर्षी. तो बंद झाला मागे झुकण्यावरून पंचांत होणाऱ्या वादांमुळे. दोन घटनांचा संबंध नाही, पण हात डोक्यावर नेण्याला जणू एकाच वर्षी दोन दारे बंद झाली. हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर पसरली. मलाही ती सुचवली गेली होती. तसबिरीत कंडरा अर्धवट फाटलेली दिसत होती आणि ती पाहून मी घाबरलो होतो.

ज्यांचे खांदे मुळीच दुखत नाहीत अशा ९६ जणांच्या खांद्यांच्या एमआरआय तसबिरी काढून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये छापला गेला होता. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरा फाटलेल्या होत्या; साठीपुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे तसबिरीतली फाट आणि दुखणे या एकच गोष्टी नव्हेत. आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांची चाचणी आली. काहींचे हाड तासले, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून काढली, काहींवर काहीच केले नाही. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. १९७२ पासून ४६ वर्षांनी कॉडमनचा प्रश्न या शस्त्रक्रियेला रीतसर विचारला गेला होता. पूर्ण फाटलेली कंडरा, वारंवार निखळणारा खांदा यांची गोष्ट वेगळी. तिथे शस्त्रक्रियेची गरज पडते आणि ते ज्याचे त्याने तज्ज्ञाकडूनच ठरवावे.

६

या सगळ्या वाचनाने खांदा बरा झाला का? नाही. तो आजही पावसाळ्यात ठणकतो आणि उजव्या कुशीवर मला झोपता येत नाही. पण मी वजने सोडलेली नाहीत. गेली अकरा वर्षे एक वही ठेवली आहे. तारीख, काय उचलले, किती वेळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कसा होता. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उचलताना थोडे दुखले तरी चालते. सकाळी वाढलेले असेल तर पुढच्या वेळी वजन कमी. उताणे पडून ढकलणे बंद केले, त्याऐवजी भिंतीवर आणि मग हत्त्यावर जोर. दोन किलोंच्या मुदगलाने सुरुवात केली होती, आता पाच किलोंचा फिरवतो. अकरा वर्षांत तीन किलो. तालमीतली पोरे हसतात.

वस्ताद चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारले होते की त्यांच्या हाताखाली कोणाचा खांदा कायमचा गेला का. बराच वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी एकेक करून पाच नावे सांगितली. त्यांपैकी एकही नाव मी आधी ऐकले नव्हते. ती पाच नावे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.