अजिंठा, होर्यूजी आणि नकलांचे नशीब

इतिहास म्हटला, की व्याख्यानमालेच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. पनवेलकरांस तर त्यासाठी दूर जावयास नको. गावाबाहेर पडले की कर्नाळ्याचा सुळका दिसतोच. परंतु आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, त्यात एकही लढाई नाही. दुसऱ्याने काढलेल्या चित्रांची नक्कल करण्यात ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, अशा माणसांचा हा इतिहास आहे. त्याचा आरंभ आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्यास होतो आणि शेवट जपानातील एका मंदिरात.

सन १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांत शिरला आणि शेकडो वर्षे विस्मृतीत गेलेली ही भित्तिचित्रे बाहेरच्या जगास माहीत झाली. माहीत होताच त्यांची झीजही डोळ्यांस दिसू लागली. भिंतीवरील गिलाव्याचे पोपडे गळत होते, वटवाघळांची वस्ती होती, पावसाचे पाणी झिरपत होते. तेव्हा मूळ चित्रे टिकोत न टिकोत, त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात, असा विचार पुढे आला.

हे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे सोपविले. गिलने त्यात अनेक वर्षे घालविली. त्याची मोठमोठी तैलचित्रे लंडनला गेली आणि तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीस आग लागली. जी मोजकी चित्रे तेथे मांडलेली नव्हती, तेवढीच वाचली. मात्र दरम्यान गिलने हातात कॅमेराही घेतला होता. काचेवर ओले रसायन पसरावयाचे आणि ते वाळण्याच्या आत छायाचित्र घेऊन काच धुवावयाची, असा तो खटाटोपाचा काळ. त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ साली, म्हणजे आगीच्या आधी दोन वर्षे, छापून झाली होती. त्यांत रंग नाही, अंधाऱ्या भिंतींवरील बारकावे नाहीत. पण ती पुस्तके आजही पाहावयास मिळतात. गिल पुन्हा कामास लागला. १८७९ साली तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

दुसरी खेप मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह सुमारे तीनशे नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांतच होते. या नकलाही लंडनला गेल्या. १८८५ साली तेथील संग्रहालयात आग लागून त्यांतील शंभरावर जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६ साली दोन मोठे खंड प्रसिद्ध केले.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ज्यांचे रक्षण करावयाचे ती चित्रेच त्याखाली मंदावली. १९२० नंतर निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ बोलावून दुरुस्ती करावी लागली. प्रेम असले, तरी त्याचा हात हलका असावा लागतो!

तिसरी खेप जपान्यांची. अराई काम्पो हे चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली कलकत्त्यास आले आणि तेथे त्यांनी जपानी चित्रपद्धती शिकविली. त्यानंतर ‘कोक्का’ या नामांकित जपानी कलामासिकाच्या वतीने १९१७-१८ मध्ये ते सहकाऱ्यांसह अजिंठ्यास आले. कलेतिहासाचे अभ्यासक सावामुरा सेंतारो त्यांच्याबरोबर होते. तसेच नोसू कोसेत्सू, ज्यांनी पुढे सारनाथच्या विहाराच्या भिंती बुद्धचरित्राने रंगविल्या, तेही होते. इंग्रजांनी तैलरंगात नकला केल्या होत्या. रेषेवर वाढलेल्या या जपान्यांस अजिंठ्याची रेषा घरच्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. बुद्धाबरोबर जी चित्रकला हिंदुस्थानातून मध्य आशिया व चीनमार्गे जपानास पोहोचली, तिचे उगमस्थान पाहण्यास ते आले होते.

त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी प्रचंड भूकंप झाला, मागोमाग आग उसळली आणि त्याही जळून गेल्या. लंडनला दोनदा आणि तोक्योत एकदा, अशी ही तिसरी आहुती.

अराई खचले नाहीत. जपानात नारा शहराजवळ होर्यूजी नावाचे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या सुवर्णमंडपातील बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे पाहणाऱ्यास अजिंठ्याच्या बोधिसत्त्वांची आठवण व्हावी, इतके त्यांचे साम्य आहे. १९४० साली त्यांच्या नकला करण्याचे काम निघाले, तेव्हा एका तुकडीचे प्रमुखपण अराईंकडे आले. १९४५ साली ते वारले. मंडपाची दुरुस्ती आणि नकलांचे काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागली. या वेळी नक्कल नव्हे, तर मूळच जळाले! मंडपाच्या बाहेरच्या भागातील बाराही भिंती होरपळून गेल्या.

मग होर्यूजीची चित्रे गेली का? क्योतोच्या ‘बेनरिदो’ या छापखान्याने १९३५ साली या भिंतींचे तुकड्यातुकड्यांनी, मूळ आकाराएवढे, काचेवर छायाचित्रण करून ठेवले होते. त्या काचांवरून छापलेल्या कागदावर चित्रकारांनी रंग चढविले आणि १९६८ साली नव्या चित्रांनी ती जागा भरली. रंगांसाठी आगीपूर्वी झालेल्या हातनकलांचाही उपयोग झाला. जळक्या भिंती जपानने टाकून दिल्या नाहीत. त्या आजही मंदिरात जपून ठेवल्या आहेत. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे अग्निरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

अजिंठ्याचेही असेच झाले. छायाचित्रांवर आधारलेले गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले आणि अनेक गावच्या ग्रंथालयांत पोहोचले. ते कोणत्याही एका आगीत नाहीसे होणार नाहीत.

या साऱ्याचा इत्यर्थ आम्हांस असा दिसतो, की नक्कल एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवली म्हणजे ती मूळ वस्तूइतकीच नाशवंत ठरते. चित्रकाराचा हात रंग आणि भाव टिपतो, कॅमेरा रेषा आणि माप टिपतो. दोघांचीही गरज आहे. पण टिकते ते अनेक ठिकाणी वाटलेले.

श्रोतेहो, हे केवळ अजिंठ्यापुरते नाही. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवर आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत, ट्रंकेत लग्नामुंजींचे आहेत. पनवेलची खाडी, जुने वाडे, बाजारपेठ कशी होती, हे त्यांच्या कडेकोपऱ्यांत दिसते. मागे नाव नाही, साल नाही, दुसरी प्रत नाही. फोटोतील माणसे ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून पाठीमागे चार ओळी लिहून ठेवाव्यात आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. होर्यूजीच्या छायाचित्रकारांस चौदा वर्षांची सवड मिळाली होती. आपल्याला किती मिळेल, हे कोणी सांगावे?