रनएक्स-१ : रक्त घडवणारा जीन बिघडला की ब्लड कॅन्सर कसा होतो?

घरातल्या लेकराला ब्लड कॅन्सर झाला की पहिला प्रश्न येतो, हे कुणाच्या घराण्यातून आलं? बहुतेक वेळा उत्तर असतं, कुणाच्याच नाही. ते कसं, हे 'रनएक्स-१' या जीनवरून कळतं.

या जीनचं काम काय?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. रनएक्स-१ हा २१ नंबरच्या गुणसूत्रावर असतो. त्यापासून बनणारं प्रथिन ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखं असतं. इतर जीनपैकी कोणी कामाला लागायचं, कोणी थांबायचं, हे ते ठरवतं. गर्भातल्या बाळात रक्ताच्या मूळ पेशी तयार होतात, त्या याच्यामुळंच. १९९६ मध्ये हा जीन काढून टाकलेल्या उंदरांची पिल्लं पोटातच मेली, कारण त्यांच्यात कायमचं रक्त तयारच झालं नव्हतं.

बिघाड कसा होतो?

कधीकधी पेशीतली दोन गुणसूत्रं तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. ८ आणि २१ नंबरमधली अशी अदलाबदल अमेरिकेच्या डॉ. जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवली. यात रनएक्स-१ भलत्याच जीनला चिकटतो. मुकादमच चुकीचे हुकूम देऊ लागतो. मग कच्च्या पेशी पक्व होत नाहीत आणि हाडाच्या मगजात तणासारख्या माजतात. हा 'एएमएल' प्रकार. लहान मुलांच्या 'एएलएल' प्रकारात १२ आणि २१ नंबरची अदलाबदल सापडते. ती बऱ्याचदा आईच्या पोटातच झालेली असते, पण आईच्या चुकीमुळं नव्हे. शिवाय तेवढ्यानं कॅन्सर होत नाही, पुढं आणखी बिघाड व्हावे लागतात.

आनुवंशिक असतो का?

थोड्या घरांत बिघडलेला रनएक्स-१ पिढीजात असतो. त्यांच्यात प्लेटलेट कमी राहतात, रक्त लवकर थांबत नाही आणि ब्लड कॅन्सरचा धोका वाढतो. अशा घरात मगज देणाऱ्या भावंडाचीही जीन तपासणी आधी करावी लागते.

काय लक्षात ठेवावं?

सतत ताप, फिकेपणा, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडं दुखणं असं दिसलं तर रक्ततपासणी लगेच करावी. ब्लड कॅन्सर निघाला तर गुणसूत्र तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. वरच्या दोन्ही अदलाबदली असलेले रुग्ण औषधांना सहसा चांगला प्रतिसाद देतात, आणि उपचार किती कडक ठेवायचे हे ठरवताना हा अहवाल लागतो. हा आजार संसर्गजन्य नाही. लेकराला वेगळं बसवू नये.