लिंगोची गाथा कुणाची, सिकलसेलचं पत्रक कुणाचं? कचारगड आणि कॉपीराइट

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे आलं तेच थोडं नीट करून लिहिलंय. आमगाव-सालेकसाच्या पुढे ट्रेनमध्ये ज्यांची रेंज गेली, त्यांनी इथून पुढे वाचावं.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय भलतंच? मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाने कॉपीराइटबद्दल काय माहीत करून घ्यावं, असा विषय आहे. आणि सुरुवात कुठून, तर गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेतून. थोडा धीर धरा, जोडतो.

कचारगड म्हणजे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. दरेकसा स्टेशनला उतरायचं, धनेगावकडे जायचं, मग जंगलातून डोंगर चढायचा. माघ पौर्णिमेला इथे कोया पुनेमची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, सगळीकडून माणसं येतात. गुहेत कोंडलेली मुलं, त्यांना सोडवण्याची खटपट आणि मग पारी कुपार लिंगोने त्यांना दिलेली कुळांची व्यवस्था, ही कथा इथे शेकडो वर्षं तोंडी चालत आली. परधान वाजवायचे, गायचे आणि लोक ऐकायचे. पुस्तक नव्हतं, त्यामुळे ‘हक्क राखीव’ अशी ओळ छापायचाही प्रश्न नव्हता.

मग नागपुरात एक स्कॉटिश मिशनरी आले, स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच. त्यांनी एका परधानाकडून लिंगोची गाथा ऐकून उतरवून घेतली. १८६३ साली हिस्लॉप नदी ओलांडताना बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ साली छापले. गोंडी शब्द रोमन लिपीत, सोबत इंग्रजी अर्थ. मुखपृष्ठावर हिस्लॉप यांचं नाव आहे, टेंपल यांचं नाव आहे. गाणाऱ्याचं नाही.

त्या काळात भारतात कॉपीराइटचा कायदा होता बरं का. कंपनी सरकारने तो १८४७ सालीच केला होता. पण त्या कायद्याला दिसायचं ते पुस्तक. गळा त्याला दिसायचा नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे या. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी लिंगो आणि कोया पुनेमवर पुस्तकं लिहिली, आणि १९८० च्या दशकात कचारगडची यात्रा नव्याने उभी करणाऱ्यांतही त्यांचं नाव घेतलं जातं. ते २०१५ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे त्यांच्या पुस्तकांच्या शब्दांवरचा हक्क २०७५ च्या अखेरपर्यंत. (आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांची पुस्तकं १९९१ संपताच मोकळी होणार होती. ती वेळ आली तेव्हा सरकारने घाईघाईने १० वर्षं वाढवून दिली. कायदे असेही बनतात.)

पण कथा? कथा कंगालींच्या आधीही होती, हिस्लॉपच्याही आधी होती. तुम्ही उद्या यात्रेत बसून आजीकडून ती ऐकली आणि स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर कुणाचाही कॉपीराइट मोडत नाही. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, माहितीवर नसतो. तो मांडणीवर असतो. शब्द, चित्र, सूर, आकृती. कॉपीराइटचं अर्धं गणित इथेच सुटतं, आणि आरोग्याच्या ग्रंथालयात नेमकं हेच रोज उपयोगी पडतं.

कसं ते बघा. गोंदियात २०१६ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. समजा, तिथल्यासारख्याच एखाद्या ग्रंथालयातल्या मॅडमकडे सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी आले. म्हणाले, मॅडम, कचारगडच्या यात्रेत सिकलसेलचा स्टॉल लावायचाय, पत्रक करायचंय, गोंडीत. साहित्य द्या.

सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः बहुतेकदा ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही. म्हणून लग्नाआधी रक्त तपासणं महत्त्वाचं. पूर्व विदर्भात, आदिवासी आणि इतर अनेक समाजांत, हा आजार घराघरांत ओळखीचा आहे. आणि लग्नाच्या वयाची पोरंपोरी एका जागी भेटायची तर यात्रेसारखी जागा नाही. तेव्हा पत्रक निघणं महत्त्वाचं, आणि कॉपीराइटच्या धास्तीने ते अडून राहणं वाईट.

आता मॅडमच्या टेबलावर काय काय येतं? पहिला कागद, जेम्स हेरिक यांचा १९१० चा लेख. शिकागोत शिकायला आलेल्या ग्रेनाडाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, ती पहिली छापील नोंद. हेरिक १९५४ साली वारले. हा लेख मोकळा झालेला आहे, त्यातली पेशींची चित्रं बिनधास्त घ्या. दुसरा, शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचा लेख, १९५८ सालचा. विषय आपला मुलूख, रक्त आपल्या लोकांचं, आणि लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये. ते ‘लॅन्सेट’ आज एल्सेव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीचं आहे. हा लेख जसाच्या तसा छापून वाटता येणार नाही. पण त्यात काय आढळलं ते आपल्या शब्दांत सांगायला, लेखाचा उल्लेख करायला कुणाची परवानगी लागत नाही. तिसरा, चालू पाठ्यपुस्तकातली रंगीत आकृती. ती मात्र चित्रकाराची आणि प्रकाशकाची मांडणी. स्कॅन करून पत्रकावर चिकटवायची नाही. आपल्यातल्याच कुणाला तरी नवीन काढायला लावा. आनुवंशिकतेचा नियम कुणाच्या बापाचा नाही.

ग्रंथपालांना हे माहीत नसतं असं नाही. पण होतं काय, की एक तर सगळ्याला ‘नाही’ म्हणायचं, नाहीतर सगळं झेरॉक्सवाल्याकडे पाठवायचं. या झेरॉक्सवरूनच आपल्याकडे एक जबरदस्त खटला झालाय.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नेमलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून तिथे कोर्स पॅक मिळायचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि दिल्ली विद्यापीठ, दोघांवर दावा लावला. गंमत बघा, ज्यांची पुस्तकं कॉपी होत होती त्यांतलेच कितीतरी लेखक प्रकाशकांच्या विरोधात उभे राहिले. अमर्त्य सेन यांनीही या दाव्याबद्दल नाराजी कळवली.

१६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने दिलेला हक्क आहे, असा त्यांचा रोख होता. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे. कोणत्या गोष्टी केल्या तर उल्लंघन होत नाही, त्यांची ती यादी. त्यात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल येते. ‘शिकवण्याचा ओघ’ म्हणजे फक्त वर्गातला तास नव्हे, असं न्यायालयाने धरलं. डिसेंबर २०१६ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तत्त्व तेच ठेवलं, पण प्रत्येक प्रकरण शिकवण्यासाठी खरंच लागतं का, हे तपासायला सांगितलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही पुढचं अपील घ्यायला नकार दिला.

म्हणजे फिजिऑलॉजीच्या सरांनी तासाला नेमलेलं प्रकरण विद्यार्थ्यांना कॉपी करून देणं, याला कायद्याचा आधार आहे. आख्खं पुस्तक पीडीएफ करून टेलिग्राम ग्रुपवर टाकणं, याला नाही. दोन्ही एकच आहे असं म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतात, आणि दोघेही चुकतात.

त्याच कलमात ग्रंथालयांसाठी थेट तरतुदी आहेत. स्वतःच्या खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी योग्य प्रमाणात नक्कल चालते. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या ग्रंथालयासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. हातात छापील प्रत असेल, तर ती जपण्यासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीत आली. अंध किंवा अन्य अपंग वाचकाला वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं, हेही तेव्हाच. प्रती काढण्याच्या आणि डिजिटल जपणुकीच्या तरतुदींत कायद्याचे शब्द ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ असे आहेत. कॉलेजचं ग्रंथालय त्यात बसवायचं, तर आधी संस्थेच्या वकिलाला विचारून कागदावर घ्यावं.

एक सापळा फक्त आरोग्यवाल्यांसाठी. प्रश्नावल्या. स्मृतिभ्रंश तपासायची एमएमएसई नावाची ३० गुणांची चाचणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. जगभर डॉक्टर ती पाठ करून, झेरॉक्स काढून वापरत राहिले. २००१ पासून तिचे हक्क सांभाळणारी अमेरिकन कंपनी फॉर्ममागे पैसे घ्यायला लागली. तेव्हा कुणी सर ‘याचं मराठी करून १०० प्रती काढा’ म्हणाले, तर ग्रंथपालाने आधी हक्क कुणाचे ते बघावं. फुकट असणं आणि फुकट मिळत असणं यात फरक आहे.

ऑनलाइन लेखांचं काय? साय-हबवर एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि २०२५ मध्ये भारतात ती साइट बंद करण्याचा आदेश झाला. दुसरीकडे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी. पैसे प्रचंड आहेत, आणि ते जातात बहुतांशी बाहेरच्याच कंपन्यांना, हे मला खटकतं. पण आज सरकारी कॉलेजात असाल तर लॉगिन मागून घ्या. सालेकसाच्या आशाताईला किंवा खासगी दवाखान्यातल्या नर्सला हे दार उघडं नाही, हेही खरं.

आता गोंडीकडे. भाषांतर हा लेखकाचा वेगळा हक्क आहे. इंग्रजी पत्रक गोंडीत करायलाही परवानगी लागते. यावर गरीब देशांनी मोठी भांडणं केली आहेत. १९६७ साली स्टॉकहोममध्ये आणि १९७१ साली पॅरिसमध्ये बर्न कराराच्या बैठका झाल्या, तेव्हा विकसनशील देशांना भाषांतराची आणि स्वस्त आवृत्तीची सवलत हवी, म्हणून भारत पुढे होता. त्यातून आपल्या कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली. शिक्षण-संशोधनासाठी, विकसित देशांत सहसा न बोलल्या जाणाऱ्या भाषेत भाषांतर करायचं असेल, तर मूळ पुस्तक निघाल्यावर एका वर्षाने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. गोंडी यात अगदी चपखल बसते. पण यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि यात्रा तर पौर्णिमेलाच असते.

त्यामुळे मॅडमनी सोपा रस्ता धरावा. जागतिक आरोग्य संघटनेची अलीकडची बहुतेक प्रकाशनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. नफा न कमावता भाषांतर करता येतं. मूळ स्रोत लिहायचा, आणि भाषांतर संघटनेने केलेलं नाही, त्याची जबाबदारी तिच्यावर नाही, अशी ओळ टाकायची. आरोग्य खात्याच्या पोस्टरवर शासनाचाच हक्क असतो, तिथे जिल्हा कार्यालयाला पत्र लिहून लेखी होकार घ्यावा.

पत्रक वाचणार कोण, हाही प्रश्न आहेच. गोंडीच्या बोली वेगवेगळ्या, लिप्याही वेगवेगळ्या. म्हणून विद्यार्थी म्हणतील, गाणंच करू, मोबाईलवर फिरेल. तर मग गाणाऱ्याचं काय, ते बघून ठेवा. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कलाकाराचा हक्क आला. गायक, वादक, नट, इतकंच काय, डोंबारी आणि गारुडीसुद्धा त्या व्याख्येत आहेत. हा हक्क आता ५० वर्षं टिकतो. आणि २०१२ पासून आपलं नाव लावून घेण्याचा अधिकारही कलाकाराला आहे. तेव्हा धनेगावच्या पायथ्याशी कुणा परधानाने सिकलसेलचं गाणं म्हटलं, तर रेकॉर्डिंगआधी त्याची लेखी संमती घ्या, मानधन ठरवा, आणि फाईलच्या नावात, व्हिडिओखाली, ग्रंथालयाच्या नोंदीत त्याचं पूर्ण नाव लिहा. हिस्लॉपच्या पुस्तकात ती जागा रिकामी आहे.