शाळा कोणत्या देशातली?

आमच्या विभागातून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एम.ए. होऊन गेलेली एक विद्यार्थिनी गेल्या दिवाळीत भेटायला आली होती. यजमानांची बदली शांघायला झालेली. मुलगा सात वर्षांचा. तिने पिशवीतून तीन शाळांची माहितीपत्रके काढून टेबलावर ठेवली. एक शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची, दुसरी इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची, तिसरी म्हणजे एका नामांकित चिनी सरकारी शाळेचा आंतरराष्ट्रीय विभाग. पहिल्या दोन्ही शाळांचे वरच्या वर्गांचे वार्षिक शुल्क ३ लाख युआनच्या पुढे, म्हणजे आपल्या हिशेबाने पस्तीसेक लाख रुपये. ते कंपनी भरणार असल्याने तो प्रश्न नव्हता. ''सर, मॅडम, तुम्हीच सांगा,'' ती म्हणाली, ''याला कुठे घालू?''

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. शांघायच्या शाळांतले आम्हाला काय कळणार? पण ती गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. हा प्रश्न चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी आईबापांना गेली पावणेदोनशे वर्षे पडत आला आहे, आणि ज्या मुलांच्या बाबतीत तो पडला त्यांतली काही पुढे लेखक झाली. तेव्हा हा विषय अगदीच आमच्या हद्दीबाहेरचा नाही.

१८४२च्या नानकिंगच्या तहाने कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली. (ज्या अफूपायी हे युद्ध झाले तिच्यातला मोठा वाटा मुंबई बंदरातून गेलेल्या माळव्याच्या अफूचा होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) व्यापारी आले, मिशनरी आले, त्यांच्या बायका आल्या, मुले झाली. ती चिनी आयांच्या कडेवर वाढली, त्यांचीच भाषा आधी बोलू लागली. सहा-सात वर्षांची झाली की पेच उभा राही. चिनी शाळा विचारात घेण्याजोगी कुणालाच वाटत नसे. राहिली 'मायदेशा'तली शाळा. तीही बोटीने कित्येक आठवड्यांच्या अंतरावर.

साहित्याच्या वाचकाला इथे किप्लिंग आठवेल. १८६५ साली मुंबईत जन्मलेला, आयाच्या तोंडची हिंदुस्थानी बोलणारा हा मुलगा १८७१ साली इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी ठेवला गेला. चीनमधली अशीच एक कथा एरिक लिडेलची. १९०२ साली तिएन्त्सिनमध्ये एका मिशनरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९०८ साली लंडनमधल्या, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृहाच्या शाळेत दाखल झाला आणि आईवडील चीनला परतले. वय वर्षे सहा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक मिळवणारा लिडेल तो हाच. पदक मिळाल्यावर वर्षभरातच तो तिएन्त्सिनला शिक्षक म्हणून परतला, ही गोष्ट आम्हाला पदकापेक्षा अधिक बोलकी वाटते.

ही ताटातूट टळावी म्हणून चायना इनलँड मिशनने १८८१ साली शानतुंग किनाऱ्यावरच्या चेफू (आजचे यान्ताय) येथे शाळा काढली. समुद्रकाठची चांगली हवा, इंग्लंडहून आलेले शिक्षक, ऑक्सफर्डच्या परीक्षांना बेतलेला अभ्यासक्रम. शाळेचा लौकिक लवकरच पसरला. 'टाइम' नियतकालिकाचा एक संस्थापक हेन्री लूस इथलाच, आणि नाटककार थॉर्नटन वाइल्डरही काही काळ इथे होता. मूल आता चीनमध्येच राहत होते खरे. पण शाळेच्या कुंपणाआत इंग्लंड होते आणि बाहेर चीन. आईबाप आतल्या प्रांतांत, आठवडेच्या आठवडे प्रवासाच्या अंतरावर. म्हणजे ताटातूट टळली नव्हती. तिचे अंतर कमी झाले होते एवढेच.

या व्यवस्थेचा हिशेब दुसऱ्या महायुद्धात चुकता झाला. पर्ल हार्बरनंतर जपान्यांनी चेफूची शाळा ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९४२मध्ये मुलांना शिक्षकांसह गावातल्याच टेम्पल हिल या ठिकाणी हलवले, आणि पुढच्या वर्षी तिथून वेइशियनच्या छावणीत. अनेकांचे आईबाप जपान्यांच्या ताब्यात नसलेल्या मुलखात होते. मुलांना त्यांची भेट कित्येक वर्षे झाली नाही. ही छावणी म्हणजे मुळात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आवार. लूसचे काही बालपण इथेच गेले होते. सुमारे दीड हजार माणसे त्यात कोंडलेली. आश्चर्य असे की शाळा तिथेही भरत राहिली. उपासमारीत, कोळशाच्या भुकटीचे गोळे वळता वळता, मोठ्या मुलांनी ऑक्सफर्डच्या परीक्षा दिल्या आणि युद्धानंतर त्या ग्राह्यही धरल्या गेल्या. ही शिस्त वंदनीय म्हणावी की भयंकर, याविषयी आमच्यात एकमत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की त्या शिस्तीनेच मुले शाबूत राहिली. दुसरीचे म्हणणे असे की चीनच्या भूमीवर, चिनी गावाच्या शेजारी, जपानी पहाऱ्यात बसून जे मूल इंग्लंडचा पेपर सोडवते, त्याला शाळेने नक्की कोणत्या जगासाठी तयार केले हे विचारायलाच हवे.

लिडेलही याच छावणीत होता. पत्नी आणि मुलींना त्याने १९४१ साली कॅनडाला पाठवले होते. धाकटी त्यानंतर जन्मली, तिला त्याने पाहिलेच नाही. छावणीत तो चेफूच्या मुलांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई. सहाव्या वर्षी आईबापांपासून तुटलेला माणूस आईबापांपासून तुटलेल्या मुलांचा काका झाला होता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो तिथेच गेला. १७ ऑगस्टला अमेरिकन सैनिक छत्रीने उतरले आणि छावणी सुटली.

शाळेत न घातलेल्या मुलीची गोष्ट अर्थातच पर्ल बकची. ती वाढली यांग्त्से नदीकाठच्या चनच्यांग गावी. सकाळी आईकडे इंग्रजी शिक्षण, दुपारी कुंग नावाच्या वृद्ध चिनी पंडितांकडे चिनी अक्षरे आणि कन्फ्यूशियसचा विचार. खेळायला शेजारची चिनी मुले. १९०९ साली, सतराव्या वर्षी, तिला शांघायमधल्या मिस ज्युएल यांच्या निवासी शाळेत घातले. तिथे ती रमली नाही. मात्र त्या काळात ती 'डोअर ऑफ होप' या आश्रमात शिकवायला जाई. कुंटणखान्यांतून आणि गुलामगिरीतून सुटलेल्या चिनी मुलींचा तो आश्रम. पर्लला त्यांची भाषा बोलता येत होती, त्यामुळे त्या मुली तिच्याशी बोलल्या. शाळेने तिला काय शिकवले ते आम्ही सांगू शकत नाही, पण या मुलींनी जे सांगितले ते तिच्या पुढच्या लेखनात कुठे कुठे उतरले असेल याचा अंदाज 'द गुड अर्थ'चा वाचक करू शकतो.

पण पर्ल बकची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९२० साली जन्मलेली तिची मुलगी कॅरल मतिमंद होती. नानकिंगला राहणाऱ्या या आईला चीनमध्ये तिच्यासाठी शाळा नव्हती. अखेर १९२९ साली तिने कॅरलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील संस्थेत ठेवले, त्यासाठी कर्ज काढले, आणि एकटीच चीनला परतली. १९३१च्या 'द गुड अर्थ'मागे हा खर्च उभा होता. त्या कादंबरीत वांग लुंगची एक मुलगी आहे, वाढ न झालेली, जिला बाप अखेरपर्यंत जपतो. वर्गात ही कादंबरी शिकवताना आम्ही बरीच वर्षे त्या पात्राला दुष्काळाचे प्रतीक म्हणत आलो. कॅरलची हकीकत कळल्यावर तसे म्हणवत नाही. किप्लिंगच्या, लिडेलच्या आईबापांनी जे केले तेच पर्ल बकनेही केले: मूल समुद्रापार ठेवले. फरक इतकाच की तिने १९५० साली त्याविषयी स्वतःच्या नावाने लिहिले.

आता शांघाय. तिथे शाळांची वाण नव्हती. अमेरिकनांची शाळा १९१२ची, आणि पुढे फ्रेंच वसाहतीत तिच्या लाल विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. जर्मनांची वेगळी, इंग्रजांच्या कॅथीड्रलची वेगळी. युरोपीय बाप आणि चिनी आई असलेल्या मुलांची पुन्हा वेगळी, टॉमस हॅनबरी यांच्या नावाची. म्हणजे मूल कोणत्या शाळेत जाते हे ऐकले की त्याची जात कळे. आपल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. जे. जी. बॅलार्ड १९३० साली शांघायमध्ये जन्मला, कॅथीड्रल शाळेत गेला, पंधराव्या वर्षापर्यंत तिथे राहिला, आणि त्याला चिनी भाषा आली नाही. हे त्यानेच सांगून ठेवले आहे. १९४३ ते १९४५ या काळात तो आईवडील आणि बहिणीसह लुंगह्वाच्या छावणीत होता. त्याच्या 'एम्पायर ऑफ द सन'मधला (१९८४) मुलगा छावणीत आईबापांविना राहतो. लेखकाने प्रत्यक्षात सोबत असलेले आईबाप कादंबरीतून काढून टाकले आहेत. का, याचा प्रत्येकाने आपापला तर्क करावा.

या शांघायमध्ये मुंबईहून गेलेली माणसेही होती. पुण्यातले रुग्णालय आणि मुंबईतली गोदी ज्यांच्या नावाने आहे त्या ससून घराण्याने १८४४पासून चीनमध्ये पेढ्या काढल्या. त्यांच्या पदरी कारकून म्हणून गेलेला सायलस हार्दून बगदादचा, मुंबईत ससूनांच्या धर्मादाय शाळेत शिकलेला. पुढे तो शांघायमधल्या सर्वांत श्रीमंत जमीनमालकांपैकी एक झाला. त्याची पत्नी लुओ ज्यालिंग. दोघांनी अनेक अनाथ मुले दत्तक घेतली, परदेशी आणि चिनीही. परदेशी मुले हार्दून आडनावाने वाढली, चिनी मुलांनी आईचे लुओ हे आडनाव लावले. अक्षरांचा पुराणप्रसिद्ध जनक त्सांग ज्ये याच्या नावाने या जोडप्याने आपल्या बागेत एक चिनी विद्यापीठही चालवले. वांग क्वोवेइसारखा पंडित त्यांच्याकडे कामाला होता. एकाच घरात दोन आडनावे आणि दोन शिक्षणे! त्या शहरात याहून अधिक कुणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

ससूनांच्याच पेढीतून वर आलेल्या कदूरी कुटुंबातल्या होरेस कदूरीने १९३९ साली हाँगक्यू भागात निर्वासित ज्यू मुलांसाठी शाळा काढली. बर्लिन-व्हिएन्नाची मुले, घरची भाषा जर्मन, गाव चिनी, आणि शाळेचे माध्यम इंग्रजी. कारण पुढे जिथे आसरा मिळेल तो देश इंग्रजी बोलणारा असेल अशी आशा. इथे शाळा निवडताना मायदेश नव्हताच.

चीनमधल्या आपल्या सर्वांत प्रसिद्ध मराठी माणसाचा मुलगाही आठवतो. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा मुलगा यिनह्वा ऑगस्ट १९४२मध्ये जन्मला. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. डिसेंबरमध्ये वडील गेले. तो चिनी आईजवळ, चीनचाच होऊन वाढला आणि १९६७ साली वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच वारला. त्याच्यासाठी कुणालाही माहितीपत्रके चाळावी लागली नाहीत.

१९४९नंतर परदेशी शाळांची दारे एकेक करून बंद झाली. पेकिंगमध्ये वकिलातींच्या मुलांसाठी फ्रान्सिस्कन जोगिणींची एक शाळा उरली होती. ऑगस्ट १९६६मध्ये रेड गार्ड्सनी तीही बंद पाडली आणि जोगिणींना देशाबाहेर काढले. पुढे परदेशी मुले फांगत्साओदी या चिनी प्राथमिक शाळेत जाऊ लागली. १९८० साली काही वकिलातींच्या छोट्या शाळा एकत्र होऊन इंटरनॅशनल स्कूल ऑफ बेजिंग झाले. शांघायची अमेरिकन शाळाही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. कारखान्यांमागोमाग परदेशी कुटुंबे आली, आणि १९९५ साली चीनने 'परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शाळां'साठी नियम केले. त्यातले मुख्य कलम असे की अशा शाळेत चिनी नागरिकांच्या मुलांना प्रवेश नाही. पूर्वी गोऱ्यांनी चिनी मुलांना दाराबाहेर ठेवले होते. आता चीननेच आपली मुले त्या दाराबाहेर ठेवली. कुंपण जुन्याच जागी राहिले, किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती गेली. १ सप्टेंबर २०२१पासून लागू झालेल्या नियमांनी तर खासगी शाळांतल्या सक्तीच्या शिक्षणाच्या वर्गांवर परकीय नियंत्रण नको असे स्पष्टच केले.

हे सारे आम्ही आमच्या विद्यार्थिनीला पुढच्या भेटीत सांगितले, अर्थात इतके लांबण न लावता. तिसरे माहितीपत्रक तेव्हा पुन्हा उघडले. ते शांघाय हायस्कूलच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे होते. हा विभाग १९९३ साली निघाला. मूळ शाळेचे आवार तेच, जिथे १९४३ साली लुंगह्वाची छावणी होती. हिरवळ, तळे, गणवेशातली मुले असे छायाचित्र. बॅलार्डची हकीकत तिने ऐकली होती. ती बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिली.

निर्णय अजून झालेला नाही. जाताना तिने दोन गोष्टी विचारल्या. तिथे आठवड्याला चिनी भाषेचे तास किती असतात; आणि सात वर्षांच्या मुलासाठी बरोबर कोणती मराठी पुस्तके न्यावीत. पहिली चौकशी तिने शाळेकडेच करायचे ठरवले. दुसरीसाठी आम्ही यादी करायला बसलो आहोत, आणि आमच्यात त्याविषयीही एकमत होत नाही.