किताबांची उतरंड

पावसाळा सरला आणि खणखणीत ऊन पडू लागले, की आमची दादी लोखंडी ट्रंक खळ्यात काढायला लावायची. मालवण किनाऱ्यावर चार महिने पाऊस कोसळतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी धरते. मग कागदाची काय कथा! चटईवर पुस्तके, दस्तऐवज, जुनी मासिके उन्हाला ठेवायची, कसर झटकायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला नवा घालायचा आणि दिवेलागणीपूर्वी सारे पुन्हा आत. पण कसेही भरलेले दादीला चालत नसे. काय वर, काय खाली, काय ट्रंकेत आणि काय कपाटात, हे ठरलेले होते. ती कुरआन पठण करायची, उर्दू अडखळत वाचायची, मराठी तिला मुळीच वाचता येत नव्हते. तरी क्रम कधी चुकला नाही.

लहानपणी ही दादीची शिस्त वाटे. पुढे वाचनात आले, की अशा शिस्तीला साडेसातशे वर्षांचा लेखी इतिहास आहे.

बद्रुद्दीन इब्न जमाआ (१२४१-१३३३) हे शाफिई पंथाचे मोठे आलिम. जेरुसलेम, कैरो आणि दमास्कस येथे त्यांनी काझीपद सांभाळले. १२७३ साली त्यांनी शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या अदबीवर ‘तज़किरतुस्सामे वल-मुतकल्लिम’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पुस्तके कशी ठेवावीत यावर स्वतंत्र विवेचन आहे. पुस्तक उघडे जमिनीवर टाकू नये. एकावर एक रचताना कुरआन सर्वांत वर. त्याखाली हदीस, मग तफसीर, मग फिक्ह, मग व्याकरण, त्याखाली काव्य. मोठ्या आकाराचे पुस्तक लहानावर ठेवू नये, रास कोसळते. पुस्तकाचे नाव पानांच्या खालच्या कडेवर लिहावे, म्हणजे राशीतून नेमके पुस्तक ओढता येते. आणि कुरआनसाठी सर्वांत उत्तम जागा कोणती? बंद असलेल्या पिशवीत घालून, बैठकीच्या दर्शनी बाजूच्या स्वच्छ भिंतीवर खुंटीला टांगावा.

हे वाचताना मला आमच्या माजघराची खुंटी आणि तिच्यावरचे हिरवे जुजदान दिसले.

कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफिई आहेत. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक हनफी. समुद्रमार्गे अरबांशी आलेल्या संबंधांची ही खूण. चौदाव्या शतकात इब्न बतूता याच किनाऱ्यावर, आणखी दक्षिणेला होनावरला उतरला. तिथल्या बायका कुरआन मुखोद्गत करतात आणि मुलींसाठी तेरा मकतब आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. इब्न जमाआंचा नियम थेट त्यांच्या ग्रंथातून आमच्या घरी आला, असे मी म्हणणार नाही. अदब एक असली, की तिचे नियमही सारखेच निघतात.

कसरीवरचा उपायही जुनाच. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहिलेले आढळते. कबीकज ही मूळची एक विषारी वनस्पती. तिच्यामुळे किडे दूर राहतात अशी समजूत होती. पुढे लोक वनस्पती विसरले आणि कबीकज हा किड्यांचा राजा मानला जाऊ लागला. त्याचे नाव लिहिले की त्याची प्रजा कागदाला तोंड लावणार नाही! दादीचा कडुनिंब त्या मानाने अधिक व्यवहारी.

आमच्या घरात अक्षरांना चार जागा होत्या. पहिली खुंटी आणि तिच्या शेजारचा कोनाडा. तिथे कुरआन शरीफ, तीस सिपाऱ्यांचा संच, दुआंच्या पुस्तिका, रेहाल. वजूशिवाय तिकडे कोणी हात नेत नसे.

दुसरी जागा कपाट. ते उर्दूचे. अब्बा मुंबईला नोकरीला होते. भेंडीबाजाराच्या दुकानांतून, जे. जे. इस्पितळाजवळच्या मकतबा जामियातून घेतलेली पुस्तके सुट्टीत त्यांच्याबरोबर गावी येत. वरच्या खणात मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’. लग्नात मुलीला देण्याचे हे पुस्तक. स्त्रियांनी कोणती पुस्तके वाचावीत आणि कोणती वाचू नयेत, याची यादीही त्यात आहे. मधल्या खणात ‘शमा’ आणि ‘खिलौना’चे जुने अंक. तळाला, दर्शनी रांगेच्या मागे, इब्ने सफी. त्यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली, ‘इमरान सिरीज’ १९५५ साली. कादंबऱ्यांवर अनुक्रमांक असत. त्यामुळे साऱ्या घरात आकड्यांनुसार लावलेला संग्रह एवढा एकच होता, आणि तो लपवलेला होता! एखादा अंक गहाळ झाला की चाचा घर डोक्यावर घेत.

तिसरी जागा ट्रंक. तळाशी मेणकापडात गुंडाळलेले जमिनीचे मोडीतले दस्तऐवज, त्यावर सातबाराचे उतारे, निकाहनामे, पासपोर्ट. म्हणजे घरातले सर्वांत जपलेले कागद मराठीच होते. फक्त ती मोडी घरात कोणालाच वाचता येत नव्हती.

चौथी जागा म्हणजे जागाच नव्हे. आम्ही मुले मराठी शाळेत जायचो. आमची क्रमिक पुस्तके, बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या खिडकीत, उशीखाली, ओटीवरच्या बाकावर पडलेल्या असत. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ सालचे. वाचनालयांची इतकी जुनी परंपरा असलेल्या या मुलखात मराठी पुस्तक आमच्या घरी पाहुणे म्हणून येई आणि परत जाई. जी भाषा सर्वांत जास्त वाचली जात होती, तिलाच घरात खण नव्हता. पुढे मी स्वतःची मराठी पुस्तके विकत आणून त्या कपाटात लावू लागलो, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. मुखपृष्ठ वर करून ठेवले, की मराठी पुस्तकाची शिवण डाव्या हाताला येते आणि उर्दूची उजव्या. दोन्ही एकाच राशीत रचली, तर ती एकमेकांना आधार देतात. नुसती मराठी किंवा नुसती उर्दू रचली, की रास एका बाजूला कलते.

यानंतर आवाज आले. ग्रामोफोन एखाद्या सधन घरीच असायचा. खरी क्रांती कॅसेटने केली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती बाजारात आणली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि कोकणातले तरुण कुवेत, दुबई, सौदीला गेले. येताना ‘टू-इन-वन’ आणू लागले. कॅसेटींनीही जुनीच उतरंड स्वीकारली. वरच्या फळीवर कारी अब्दुल बासित यांची किरअत, त्याखाली नाते, मग अझीझ नाझां आणि युसूफ आझाद यांच्या कव्वाल्या, सर्वांत खाली फिल्मी गाणी.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. विकतच्या कॅसेटींच्या त्या आधीच मोडलेल्या असतात. पण भोकावर चिकटपट्टी लावली, की पुन्हा रेकॉर्ड करता येते. कोरी कॅसेट महाग. मग जुन्या गाण्यांवर पट्टी लावून बायका नवऱ्याला, आया मुलांना बोलकी पत्रे धाडत. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचीही पत्रे अशी समुद्रापार गेली.

काही वर्षांपूर्वी आम्ही ते घर आवरले. दादी केव्हाच गेली होती, अब्बाही नव्हते. मी शिकलेला, म्हणून वर्गवारी माझ्याकडे आली. मी सारे खाली काढले. उर्दू एका खोक्यात, मराठी दुसऱ्यात, कागदपत्रे फाइलीत. दस्तऐवजांच्या वर, ट्रंकेतच, एक कॅसेट होती. तिच्यावर हिंदी सिनेमाचे छापील लेबल होते. मी ती फिल्मी कॅसेटींत टाकली. वाजवायला यंत्र नव्हते, फिती बुरसटल्या होत्या. ते खोके भंगारात गेले.

महिनाभराने चाचांचा फोन आला. म्हणाले, “ट्रंकेतली कॅसेट तेवढी जपून ठेव हां. मी कुवेतला असताना अम्मीने पाठवली होती. येताना परत आणली होती मी.”

लेबल गाण्यांचे होते. आतला आवाज दादीचा होता. ती ट्रंकेत होती, ही एकच खूण दादीने ठेवली होती; आणि नेमकी तीच मी पुसून टाकली. मराठी न वाचणाऱ्या बाईने लावलेली सूची मला वाचता आली नाही.

आपल्या समाजाच्या इतिहासासाठी आपण ग्रंथालये धुंडाळतो. मुंबईच्या जामा मशिदीचा किताबखाना, अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी येथे जाऊन नोंदी काढतो. ते केलेच पाहिजे. पण ग्रंथालयाला नोंदवही असते, घराला नसते. घरात वस्तूची जागा हीच तिची नोंद. आज किनाऱ्यावरची कितीतरी घरे मे महिन्यापुरती उघडतात. कुणी मुंब्र्याला, कुणी दुबईला. उर्दू कपाटे मराठी आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या नातवंडांच्या ताब्यात आली आहेत. ती उघडाल, तेव्हा काहीही हलवण्याआधी कोणती वस्तू कुठे होती, हे कागदावर उतरवा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, की हे इथेच का ठेवले आहे? वर्गवारी त्यानंतर.